बर्फ पडण्याआधी डोंगर वाचा: कुक सिटीच्या डोंगरांत स्नोमोबाइलसाठी पूर्वपाहणी

जानेवारीत मोंटानातल्या कुक सिटीजवळ डेझी पासच्या खिंडीत उभं राहिलं की चहूकडे नुसते पांढरे उतार दिसतात. त्यांच्याखाली गवत आहे की गुळगुळीत कातळ, मधून ओढा वाहतो की खाणीचा जुना खड्डा आहे, बर्फाचा थर दोन फुटांचा आहे की बारा फुटांचा, यातलं काहीही वरून कळत नाही. हीच जागा सप्टेंबरमध्ये पायी फिरून पाहिली तर सगळं उघडं पडलेलं असतं. म्हणून ग्रूम केलेला, म्हणजे यंत्राने बर्फ दाबून सपाट केलेला ट्रेल सोडून डोंगरात स्लेड (बर्फावर धावणारी मोटारगाडी, स्नोमोबाइल) घालणाऱ्या प्रत्येकाने बर्फाआधी तिथली जमीन पायाखालून घालावी, असं माझं ठाम मत आहे.

पाहणी म्हटलं की बहुतेक जण ‘कुठल्या टेकडीवर चढता येईल’ हे शोधत फिरतात. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: थांबायच्या जागा शोधणं. स्लेड चालू असताना माणूस धोक्याच्या उतारावर काही सेकंद असतो. पण एकमेकांची वाट पाहताना, खाताना, अडकलेल्या मित्राकडे बघत उभं असताना तो एकाच जागी पंधरा-वीस मिनिटं काढतो. १३ मार्च २०१० रोजी कॅनडातल्या रेव्हलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर एका अनौपचारिक चढाईच्या मेळाव्यात जवळपास दोनशे लोक जमले होते. उतारावरून हिमस्खलन झालं ते थेट खाली उभ्या असलेल्या गर्दीत आलं, दोघांचा जीव गेला आणि कित्येक जखमी झाले. त्या दिवशी अनेकांच्या स्लेड बंदच होत्या. लोक नुसते बघत उभे होते.

कुठे आणि कधी

हा लेख मोंटानातल्या कुक सिटीबद्दल आहे, कारण पाहणीसाठी इतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. अमेरिकेतली बरीच मराठी कुटुंबं उन्हाळ्यात यलोस्टोनला येतात, लामार खोऱ्यात बायसन आणि लांडगे बघतात आणि उद्यानाच्या ईशान्य दरवाजातून बाहेर पडतात. तिथून चार मैलांवर, सुमारे ७,६०० फूट उंचीवर हे एका रस्त्याचं जुनं खाणगाव आहे. गावाच्या उत्तरेच्या डोंगरांत सोनं, चांदी आणि तांब्यासाठी खाणकाम झालं. त्या काळातले कच्चे रस्ते आजही डेझी पास आणि लुलू पास या साडेनऊ हजार फुटांवरच्या खिंडींपर्यंत जातात. उन्हाळ्यात उंच चाकांची फोर-बाय-फोर तिथवर पोचते आणि हिवाळ्यात याच वाटांवरून स्लेड वर जातात. थोडक्यात, हिवाळ्याचा आपला सगळा मार्ग गाडीने आणि पायी आधी तपासता येतो.

जायचं ते दोनदा. पहिली फेरी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, जमीन पूर्ण उघडी असताना. दुसरी ऑक्टोबरमध्ये, पहिला बर्फ पडून गेल्यावर. दुसऱ्या फेरीला फाटा देण्याचा मोह होतो, पण ती का महत्त्वाची आहे ते पुढे सांगतो. पूर्वेकडून येणारा बेअरटूथ हायवे साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर बंद होतो. पुढे हिवाळ्यात बर्फ साठला की गावात यायला गार्डिनरहून यलोस्टोनमधून येणारा सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता तेवढा उरतो. हिवाळ्यात जखमी माणसाला गाडीने न्यायचं झालं तरी हाच रस्ता, हे मनात पक्कं ठेवून पाहणी करा.

सप्टेंबर हा ग्रिझली अस्वलांच्या खा-खा करण्याचा काळ. झोपेआधी चरबी साठवायला ती दिवसभर अन्न शोधत फिरत असतात. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) सॅकमध्ये न ठेवता छातीवर किंवा कमरेला, हात पटकन पोचेल असा लावा. एकटे फिरू नका, झाडीत बोलत चला. शिकारीचा हंगामही याच सुमारास सुरू होतो, तेव्हा भगभगीत केशरी जाकीट किंवा टोपी घाला.

घरी बसून करायचं काम

सगळ्यात आधी हद्दी. कुक सिटीच्या उत्तरेला अ‍ॅब्सरोका-बेअरटूथ विल्डरनेस आहे. १९६४ च्या विल्डरनेस कायद्यानुसार अशा क्षेत्रात मोटार लावलेलं कुठलंही वाहन चालत नाही, आणि हे क्षेत्र १९७८ पासून विल्डरनेस आहे. दक्षिणेला वायोमिंगमधलं नॉर्थ अ‍ॅब्सरोका विल्डरनेस, पश्चिमेला यलोस्टोन. मधल्या जागेतच आपल्याला फिरायचं आहे, आणि बर्फावर हद्दीची रेघ काही आखलेली नसते. गूज लेककडे जाणाऱ्या जुन्या जीप रस्त्याच्या बाजूला तर हद्द फार जवळ येते. कस्टर गॅलाटिन नॅशनल फॉरेस्टचा हिवाळी वाहनांचा नकाशा मिळवा, हद्द फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा आणि प्रत्यक्ष फिरताना ती कुठल्या सोंडेवरून, कुठल्या तळ्याच्या काठाने जाते ते डोळ्यांनी पाहून घ्या. हे नियम पाळणं म्हणजे नुसता दंड टाळणं नव्हे. एकाने हद्द ओलांडली की उद्या सगळ्यांचीच वाट बंद होण्याची वेळ येते.

मग उताराचे कोन. स्लॅब हिमस्खलन, म्हणजे बर्फाचा अख्खा थर फुटून एकदम घसरणं, बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त. आणि चढायला मजा येते ते उतार नेमके हेच. कॅलटोपोसारख्या नकाशात उतारानुसार रंग भरलेले दिसतात: २७ अंशांपासून पिवळा सुरू होतो आणि ३५ ते ४५ लाल. हा थर लावून आपला संपूर्ण मार्ग एकदा पाहा.

पण रंगांवर विसंबून राहू नका. या नकाशांमागची उंचीची माहिती बऱ्याचदा दहा मीटरच्या चौकोनांत गोळा केलेली असते. त्यामुळे आठ-दहा मीटरचा उभा टप्पा आजूबाजूच्या सपाटीत मिसळून नकाशावर सौम्य दिसतो. माणसाला गाडायला तेवढा टप्पा पुरतो. म्हणून कागदी नकाशाही वाचता यायला हवा. यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) १:२४,००० नकाशावर खाली समोच्च रेषांमधलं अंतर दिलेलं असतं. ते ४० फूट असेल तर प्रत्येक पाचवी रेषा जाड, म्हणजे दोन जाड रेषांत २०० फुटांची चढण. मूळ मापात छापलेल्या नकाशावर पट्टी ठेवा: दोन जाड रेषा ४.४ मिलिमीटर अंतरावर असतील तर उतार ३० अंश, ३.३ मिलिमीटरवर ३८ अंश आणि अडीच मिलिमीटरवर ४५ अंश. एका कार्डाच्या कडेवर या तीन खुणा करून ठेवल्या की संध्याकाळभरात अख्खं खोरं तपासून होतं.

तिसरं काम उपग्रहाच्या चित्रांचं. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात आणि दर काही दिवसांनी नवी येतात. जूनअखेर आणि जुलैची काढा. सगळीकडचा बर्फ वितळला तरी काही घळींत, काही धारांच्या खाली पांढरे पट्टे उरलेले दिसतील. वारा हिवाळाभर बर्फ आणून टाकतो त्या या जागा. दोन-तीन वर्षांची चित्रं शेजारी ठेवा. तेच पट्टे त्याच जागी दिसले की वारा कुठून कुठे माल वाहतो याचा नकाशाच हाती येतो.

प्रत्यक्ष डोंगरात: थांबायच्या जागा

गाडी लावल्यापासूनच काम सुरू होतं. हिवाळ्यात जिथे जिथे गट थांबेल असं वाटतं, तिथे उतरा आणि मान वर करा. वर काय आहे? झाडांच्या आडून एखादी घळ उतरते का? सोंडेपलीकडे न दिसणारा, वाडग्यासारखा खोलगट उतार तर नाही? आपण उभे आहोत ती जागा सपाट असली म्हणजे सुरक्षित असते असं नाही. वरून सुटलेला बर्फ सपाटीवर येऊनच थांबतो.

यासाठी एक साधं माप आहे. इन्क्लिनोमीटर, म्हणजे कोनमापक घ्या, चांगल्या कंपासमध्ये तो असतो, फोनवरही चालतो. तुम्ही उभे आहात तिथून, बर्फ जिथून सुटेल त्या जागेच्या माथ्यावर नेम धरा आणि कोन वाचा. १८ अंशांपेक्षा कमी असेल तर बहुतेक हिमस्खलनं तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. २५ च्या वर असेल तर तुम्ही त्याच्या वाटेतच उभे आहात असं धरून चाला. मधल्या कोनांना झाडं आणि जमीन काय सांगतात ते पाहा, आणि शंका आली तर आणखी मागे सरका. डेझी पासच्या वाटेवर आणि फिशर क्रीकच्या खोऱ्यात हे माप घेत गेलात तर ‘इथे आरामात थांबू’ असं वाटलेल्या काही जागा यादीतून गळतील, आणि थोडं पुढे, एखाद्या बुटक्या सोंडेच्या माथ्यावर, दाट जुन्या झाडीच्या कडेला, खऱ्या जागा सापडतील. प्रत्येक खऱ्या जागेला नाव द्या, जीपीएसवर खूण करा, चारही दिशांचे फोटो काढा. किती स्लेड मावतील तेही लिहा. दोन स्लेडची जागा आठ जणांच्या गटाला कामाची नाही.

स्लेडच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार घडते. एक जण उतारावर वर अडकतो आणि मदतीला दुसरा वर जातो. आता एकाच उतारावर दोन माणसं आणि दोन स्लेड, प्रत्येक स्लेड दोनशे किलोंच्या वर. म्हणून पाहणी करतानाच प्रत्येक चढाईच्या उतारासमोर अशी जागा ठरवा जिथून अडकलेला माणूस पूर्ण दिसेल आणि तरीही तुम्ही बर्फाच्या वाटेबाहेर असाल. अशी जागा सापडली नाही तर तो उतार आपल्या यादीत नको. २८ डिसेंबर २००८ रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नीजवळ अकरा जणांचा गट असाच सापडला. काही जण गाडले गेले, बाकीचे मदतीला धावले आणि वरून दुसरं हिमस्खलन आलं. आठ जण गेले. मदतीला धावणाऱ्यांची जागाही आधीच ठरलेली असावी लागते.

झाडं काय सांगतात

जंगलातून चालताना खोडांकडे बघत चला. बर्फ येऊन गेलेल्या वाटेवर झाडांच्या चढाकडच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या असतात आणि उताराकडच्या शाबूत. एका बाजूने ध्वजासारख्या दिसणाऱ्या अशा झाडाजवळ जाऊन हात लावून पाहा. मोडलेल्या फांदीच्या बुंध्याजवळ साल खरवडलेली असते, कधी त्यावर राळ साकळलेली असते. ही खूण जमिनीपासून किती उंचीवर संपते ते नजरेने मोजा. साधारण तिथपर्यंत बर्फ आला होता.

जुन्या दाट जंगलाच्या मधोमध एकाच वयाच्या, एकाच उंचीच्या कोवळ्या झाडांचा पट्टा दिसला तर थांबा. त्या पट्ट्यातली मोठी झाडं कधीतरी मोडून गेली आणि नंतर सगळी एकदमच उगवली. पट्ट्याच्या खालच्या टोकाला एकाच दिशेने डोकी करून पडलेले ओंडके सापडतात. हिवाळ्यात हीच जागा मोकळी, रुंद आणि चढायला सोपी दिसते, म्हणून स्लेड नेमक्या तिथेच वळतात. स्कॉच बॉनेट, हेंडरसन, फिशर माउंटन या डोंगरांच्या अंगावर अशा मोकळ्या पट्ट्या नजरेखालून घाला आणि नकाशावर लाल रंगवा.

झाडी आहे म्हणजे धोका नाही, असंही समजू नका. जिथून स्लेड आरामात काढता येते इतकी विरळ झाडी बर्फाला धरून ठेवत नाही.

पायाखालची जमीन

उतारावर गुळगुळीत कातळ किंवा आडवं पडलेलं लांब गवत असेल तर बर्फाला धरायला काही नाही. मोठ्या दगडांचा ढीग असेल तर दगड बुडेपर्यंत तो बर्फाला अडवतो, बुडाल्यावर नाही. म्हणून दगडांची उंची लिहून ठेवा. पुढे बर्फाची खोली कळली की दोन्हींचा मेळ घालता येतो. बर्फातून डोकं काढणाऱ्या एकट्या दगडाभोवतीचा बर्फ पातळ आणि कमकुवत असतो, आणि वरचा थर बहुधा अशाच पातळ जागेतून फुटतो.

खाणीचा परिसर असल्यामुळे इथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. मातीचे ढीग, चर, खड्डे, जुनी लाकडं, लोखंड असं बरंच काही मागे राहिलेलं आहे. सरकारने बरीच सफाई केली, तरी आपल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना वीस-तीस मीटर चालून बघाच. ओढे कुठे ओलांडायचे तेही आत्ताच ठरवा. डेझी क्रीकचं पाणी स्टिलवॉटरला जातं, फिशर क्रीकचं क्लार्क्स फोर्कला आणि मिलर क्रीकचं यलोस्टोनच्या बाजूला सोडा बट क्रीकला. हंगामाच्या सुरुवातीला हे ओढे पूर्ण झाकले गेलेले नसतात, वर नुसती बर्फाची कमान असते. काठ उभा किती, खोली किती, सपाट ओलांडणं कुठे आहे, हे लिहा. खोल घळ वेगळ्या रंगाने दाखवा. वरून थोडासाच बर्फ सुटला तरी घळीत तो साठून कित्येक फूट खोल होतो आणि त्याखाली माणूस सापडत नाही.

उतार उघडा असताना त्याचा कोनही जागेवर मोजून घ्या. काठी उताराच्या दिशेने, वरून खाली अशी टेकवून तिच्यावर फोन ठेवला की काम होतं. हिवाळ्यात वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ या उताराला आणखी उभा करू शकतो. सप्टेंबरातला २८ अंशांचा उतार जानेवारीत ३२ झालेला असू शकतो, म्हणून २७-२८ अंशांना सुरक्षित म्हणू नका.

वारा

या भागात वारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून वाहतो, त्यामुळे उत्तर ते पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांवर धारांच्या आड बर्फ साठतो. पण ही झाली सर्वसाधारण गोष्ट. खिंडी आणि घळी वाऱ्याला वळवतात. धारेवरची खुरटी, एका अंगाने वाढलेली झाडं वाऱ्याची खरी दिशा दाखवतात, त्यांचे फोटो घ्या. धारेवर पोचल्यावर कडेपासून मागे राहून पाहा की कातळ नेमका कुठे संपतो, आणि ती जागा जीपीएसवर नोंदवा. हिवाळ्यात धारेच्या पुढे हवेत बर्फाचा सज्जा तयार होतो आणि वरून तो जमिनीसारखाच दिसतो. सप्टेंबरात नोंदवलेली कातळाची कड त्या वेळी फार उपयोगी पडते, फक्त तिच्यापासून बरंच अंतर राखा, कारण सज्जा तुटताना मागचाही तुकडा घेऊन जातो.

ऑक्टोबरची फेरी

पहिला बर्फ पडतो, चार दिवस ऊन पडतं, दक्षिणेकडचे उतार मोकळे होतात. उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर मात्र पातळ थर तसाच राहतो. खाली जमीन उबदार, वर हवा गार. या फरकामुळे त्या थराचे कण हळूहळू बदलून साखरेसारखे सुटे, टोकदार होतात. मुठीत घेऊन दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. मग नोव्हेंबर-डिसेंबरची मोठी हिमवृष्टी या साखरेवर येऊन बसते. कुक सिटीसारख्या थंड, समुद्रापासून दूरच्या डोंगरांत हा थर आठवडेच्या आठवडे तग धरतो, आणि मोठमोठी हिमस्खलनं जमिनीपासून सुटतात ती यामुळे.

म्हणून ऑक्टोबरात वर जाऊन फक्त एवढंच करा: कुठल्या उतारावर बर्फ टिकला आणि कुठला कोरडा झाला, याचे फोटो काढा. बर्फ टिकलेल्या उतारावर फावडं मारा, कण हातात घेऊन पाहा. हाच फोटो जानेवारीत उघडाल तेव्हा बर्फाच्या तळाशी काय आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. माझ्या मते या एका फोटोची किंमत सगळ्या उन्हाळ्याच्या नोंदींइतकी आहे.

स्लेडच्या नजरेने

स्कीवाला एका दिवसात एक खोरं फिरतो, स्लेडवाला पाच. प्रत्येक खोऱ्यात उताराचं तोंड, उंची, वारा वेगळा. म्हणून मार्ग लहान तुकड्यांत तोडा आणि प्रत्येक तुकड्यापुढे लिहा: इथून परत फिरता येतं का? उतरायला सोपा पण ताज्या बर्फात परत चढता न येणारा उतार ही पाहणीत सर्वांत जास्त निसटणारी गोष्ट आहे. पायी उतरून, मागे वळून तो पुन्हा चढताना किती दम लागतो ते पाहा, आणि दुसरी वाट कुठून निघते ते शोधा. उंचीमुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते. साडेनऊ हजार फुटांवर समुद्रसपाटीच्या तुलनेत चौथा हिस्सा तरी गेलेला असतो. इंधनाचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक राखीव. खोल भुसभुशीत बर्फात ट्रेलपेक्षा बरंच जास्त पेट्रोल लागतं, तेव्हा नकाशावरची मैलांची बेरीज फसवी असते.

नोंदींचा नकाशा आणि हंगामाची सुरुवात

सगळं एका नकाशावर आणा. हिरवा: कधीही थांबता येईल अशा जागा आणि मोकळी वाट. पिवळा: ३० अंशांच्या आसपासचे उतार, बर्फाची स्थिती बघून ठरवायचे. लाल: या वर्षी जायचंच नाही. लाल रंग घरी बसून, शांत डोक्याने भरा आणि डोंगरात गेल्यावर तो बदलायचा नाही, असा गटात करार करा. ताज्या बर्फात, पुढे कुणाचे तरी नवे ट्रॅक दिसत असताना कुणाचीच बुद्धी ठिकाणावर नसते.

फिशर क्रीकजवळ ९,१०० फुटांवर स्नोटेल, म्हणजे बर्फ आपोआप मोजणारं केंद्र आहे. तिथली बर्फाची खोली रोज पाहता येते. आपण लिहून ठेवलेली दगड-ओंडक्यांची उंची आणि ही खोली पडताळून पाहा. दगड अजून पुरेसे झाकले गेले नसतील तर घरी राहा. बोझमनचं गॅलाटिन अ‍ॅव्हलांश सेंटर कुक सिटीसाठी अंदाज देतं, तो निघायच्या सकाळी वाचा. धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरी पायरी, ‘कन्सिडरेबल’, असेल तर फक्त हिरवा भाग. बीकन (गाडलेल्या माणसाचा माग लावणारं रेडिओयंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) प्रत्येकाच्या अंगावर हवं, स्लेडवर बांधलेलं नको. स्लेड वेगळीकडे वाहून गेली तर त्यावरचं सामान कुणाच्या उपयोगाचं नाही, आणि गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटं तेवढी हाती असतात. हिमस्खलनाचा प्रत्यक्ष प्रशिक्षणवर्ग, शक्यतो स्लेड चालवणाऱ्यांसाठीचा, केल्याशिवाय पिवळ्या भागात शिरू नका.

नकाशाच्या तीन प्रती काढा. एक गटाच्या पुढच्या स्लेडवर, एक मागच्या स्लेडवर आणि तिसरी गावात किंवा घरी असलेल्या माणसाकडे. तिच्यावर परतायची वेळ लिहा, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी पार्क काउंटीच्या शेरिफला फोन करायचा तेही लिहा. शोध-बचावाची सूत्रं त्यांच्याकडेच असतात, आणि हिरव्या जागांची नावं व जीपीएस खुणा हातात असतील तर शोध कुठून सुरू करायचा हे त्यांना लगेच कळेल.